गाल भरले तेव्हा

आमच्या चाळीत माझा नवरा बायकोला मारणारा म्हणून प्रसिद्ध होता. सकाळी नळाला पाणी यायच्या आधी आमच्या बंद दारामागे थप थप थप सुरू व्हायचं. मग माझा खोकला, मग ओकल्यासारखे आवाज, मग पुन्हा थप थप. थोड्या वेळाने तोच माणूस भांग पाडून, डबा हातात घेऊन साकीनाक्याच्या वर्कशॉपला निघायचा, तेव्हा नळावरच्या बायका त्याच्याकडे अशा बघायच्या, की बिचारा मान खाली घालून टेकडी उतरायचा. खरं तर त्याला झुरळही मारता येत नसे. आमच्याकडे झुरळं मीच मारायची.

घाटकोपरची ती टेकडी, तिच्यावर चढत गेलेल्या चाळी आणि त्यातली आमची वरच्या अंगाची खोली. घर म्हणून वाईट नव्हतं, वारा यायचा. पण वाऱ्याचा मला काय उपयोग? तो छातीत शिरला तर ना!

लहानपणी मला टीबी झाला होता. औषधांनी तो बरा झाला, पण जाताना डाव्या फुप्फुसाचा तळ फाटका करून गेला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून मला दाखवलं होतं. तिथल्या श्वासाच्या नळ्या सैल पडल्या आहेत, म्हणाले, कफ वर चढत नाही, तिथेच साचतो आणि सडतो. मोरीला उतार नसला की पाणी जसं तुंबतं तसं मला ते समजलं. त्यावर उपाय एकच, रोज उतार द्यायचा. म्हणून मी सकाळी खाटेवर पालथी पडायची, कमरेखाली दोन उशा, डोकं खाटेच्या खाली लोंबतं आणि जमिनीवर फिनेल घातलेला डबा. नवरा हाताचा खोलगट पसा करून पाठीवर थापा मारायचा. हिरवा, घाण वासाचा कफ सुटून डब्यात पडला, की दिवस बरा जायचा.

हे एवढंच असतं तरी निभावलं असतं. पण वर दमाही होता. तो माहेरचा, वडिलांकडून आलेला. कफ वाढला की दमा उठायचा आणि दमा उठला की कफ आतच अडकायचा. दोघांचं चांगलं गूळपीठ होतं आणि मधल्यामध्ये मी मरत होते. दम लागला की काय होतं हे ज्याला लागतो त्यालाच कळतं. हवा आत घेता येत नाही असं लोकांना वाटतं. तसं नसतं, आतली हवा बाहेर सोडता येत नाही. छाती भरलेली असते आणि तरी जीव गुदमरत असतो. अशा वेळी मला देव आठवत नसे. समोर बसून पाढे म्हणणारी माझी मुलगी दिसायची, आणि हिला अर्ध्यावर टाकून मी जाणार, या विचाराने नुसता संताप यायचा.

तोंडात मारायचा पंप तेव्हा निघाला होता, पण पंप लागला म्हणजे माणूस संपला, असं आमच्याकडे सगळे धरून चालायचे. त्याहून मोठी भीती स्टेरॉईडची. खालच्या चाळीत एक बाई सांधेदुखीसाठी ती गोळी खात होती. तिचा चेहरा सुजला, साखर वाढली आणि एक दिवस ओट्यावरून भांडं काढताना नुसती वळली तर कमरेचं हाड मोडलं. मी हे सगळं जवळून बघितलं होतं. डॉक्टरांनी पहिल्यांदा स्टेरॉईडचं नाव काढलं, तेव्हा मी सरळ सांगितलं, "दुसरं काहीही द्या. ती गोळी मी घेणार नाही."

त्यांनीही जबरदस्ती केली नाही. ते म्हणाले, "बाई, मलाही ती तुम्हाला द्यायची घाई नाही. दम्याला तिच्यासारखं औषध नाही. पण तुमच्या छातीत जे जंतू बसलेत ना, त्यांना तीच गोळी मोकळं रान देते. तुमच्या एका आजाराचं औषध ते दुसऱ्याचं खाद्य आहे." मग ते कितीतरी वेळ एक्स-रेकडेच बघत बसले. डॉक्टरच असा विचारात पडलेला बघितला की रोग्याने कुठे जायचं, सांगा.

सासरे ज्या गिरणीत होते ती बंद पडली आणि पाठोपाठ सासरेही गेले. सासूबाई गावचं घर दिराच्या ताब्यात देऊन आमच्याकडे आल्या. मालवणकडच्या. उंच, काटक, जिभेने तिखट आणि माझ्यावर जीव टाकणाऱ्या. हे दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं. सकाळच्या थापा मात्र त्यांना सहन होत नसत. सुरू झाल्या की त्या कानावर पदर घेऊन बाहेर गॅलरीत जाऊन बसायच्या.

"सुनेच्या पाठीत मारूचा, ह्या खयचा औषद रे?" त्या मुलाला विचारायच्या. "लोक माज्या तोंडार थुकतीत. म्हणतीत, म्हातारी आपणच शिकयता."

"आये, डॉक्टरने सांगितलंय."

"डागतराक सांग, तुज्या आवशीक मार म्हणान."

मला हसू यायचं आणि हसलं की खोकला यायचा.

त्यांच्या गावकीच्या बैठकीत कुणीतरी त्यांना जुहूकडच्या वैद्याचं सांगितलं. एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये तो रविवारी बसायचा. बाहेर रस्त्यापर्यंत रांग, सगळे धापा टाकणारे. वैद्याचे पांढरे शुभ्र कपडे, मोठे डोळे, समोर कागदाच्या पुड्यांचा ढीग. त्याने माझी नाडी धरली, डोळे मिटले आणि म्हणाला, ही हिमालयातली जडीबुटी आहे, मधातून घ्यायची, जिभेवर रेंगाळू द्यायची नाही. इंग्रजी औषध बंद. पाठीत मारणं तर ताबडतोब बंद, त्याने छाती खिळखिळी होते. आंबट बंद, मासळी बंद.

मासळीचं ऐकून मीच घाबरले. सासूबाई त्या वैद्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही बरी होईसर मीय खावचंय नाय." मालवणी बाईने मासे सोडणं म्हणजे काय, हे मालवणी घरात राहिलेल्यालाच समजेल. त्यांनी ते सोडले. शेजारी बांगडे तळले जायचे तेव्हा त्या आमचं दार लोटून घ्यायच्या.

पुडी सुरू केली आणि तीन-चार दिवसांत मी माणसात आले. खोटं कशाला सांगू, तसं सुख मला पूर्वी कधी मिळालं नव्हतं. श्वास येत होता आणि जात होता, आणि त्याकडे लक्ष द्यावं लागत नव्हतं. टेकडीच्या पायऱ्या मी मध्ये न थांबता चढले. वरती पोचल्यावर मागे वळून बघितलं आणि रडले. खोकल्यामुळे माझी बालवाडीची नोकरी गेली होती. पालकांना वाटायचं, बाईंचा टीबी पोरांना लागेल. ती नोकरी परत मिळाली. मी पोरांबरोबर मोठ्याने गाणी म्हणायची, नाचायची, आणि घरी आल्यावर चार पोळ्या आणि वर ताटभर भात खायची. भूक तर अशी लागायची की डबे उघडून बघत बसायची.

आणि गाल भरले. आयुष्यभर मी गालफडं बसलेली, गळ्याची हाडं वर आलेली. आता आरशात एक गोल, गुलाबी बाई दिसायला लागली. चाळीत ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. "काय गं, तब्येत काय झकास सुधारलीय!" "नवरा सुधारला वाटतं!" नवऱ्याच्या डोक्यावरचा मारकुटेपणाचा शिक्का गेला, कारण थापा बंद झाल्या होत्या. आमच्या माणसांत भरलेला चेहरा म्हणजे तब्येत, यापलीकडे कुणी बघत नाही. मीही बघितलं नाही. ज्या गोळीने चेहरा सुजतो म्हणून मी डॉक्टरांना सरळ नाही म्हटलं होतं, तीच मी. मला तो चेहरा सूज वाटलाच नाही. तो मला माझा वाटला.

एका संध्याकाळी सासूबाईंनी माझी दृष्ट काढली. मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन माझ्यावरून उतरवल्या आणि शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकल्या. एरवी शेजारी मिरचीची फोडणी पडली तरी मी दाराबाहेर पळायची. त्या दिवशी मी शेगडीसमोर पाटावर बसून होते आणि मला काही झालं नाही. मुलगी खोकली, नवरा खोकला. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"बघ गो, तुका ठसकोसुद्धा येवक नाय! केवढी दृष्ट लागली हुती!"

नवरा मात्र मला निरखायला लागला. माझ्या नडगीवर निळे डाग पडत होते, कुठे आपटल्याचं आठवत नव्हतं. मानेमागे मांसाचा उंचवटा आला होता. पाय बारीक होत चालले होते, पाटावरून उठताना हात टेकावा लागायचा. एकदा तो भीत भीत म्हणाला, "रागावू नकोस, पण तुझ्या श्वासाला वास येतोय. तो जुना. एकदा पालथी पडतेस का?"

मी त्याला वाटेल ते बोलले. तुला मी बरी झालेली बघवत नाही, असंसुद्धा. उलटं लोंबायचं आता कशाला? खोकला नव्हता, दम नव्हता, ताप नव्हता. आत कफ सडत होता, पण वर काही कळत नव्हतं.

मग एका रविवारी जुहूचं गॅरेज बंद दिसलं. रखवालदाराला काही माहीत नव्हतं. पुढच्या रविवारीही बंद. घरातल्या पुड्या संपल्या आणि आठवडाभरात मी खाटेला खिळले. उलट्या, ताप, अंगात उठून बसण्याएवढंही त्राण नाही, आणि दम असा की बोलायला शब्द नाही. नवऱ्याने आणि शेजारच्या दोघांनी मला खुर्चीत बसवून टेकडी उतरवली. उतरताना माझा तो गोल गुलाबी चेहरा बघून एक बाई म्हणाली, "चेहऱ्यावरून तर काही आजारी वाटत नाही हो."

इस्पितळात तेच डॉक्टर होते. त्यांनी छाती तपासायच्या आधी माझी हनुवटी वर केली, मग मानेमागे हात लावला.

"स्टेरॉईड किती महिने घेताय?"

तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, तरी मी जोरात मान हलवली. मला खरोखर राग आला होता. नवऱ्याने जडीबुटीचं सांगितलं. एखादी पुडी असेल तर आणा, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाईंनी पुड्यांतल्या काही अडीअडचणीसाठी देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवल्या होत्या. उलट्यांमुळे माझ्या पोटात काही टिकत नव्हतं, म्हणून त्यांनी त्या बाहेर काढल्या नव्हत्या. त्यांतली एक त्यांनी आणून दिली. डॉक्टरांनी ती बोटाने जिभेला लावली आणि तोंड वाकडं केलं.

"कडू आहे. मधात कळलं नसणार. जडीबुटीत गोळ्या कुटून घातल्यात. कागदावर लिहून देता येणार नाही मला, पण हा चेहरा दुसऱ्या कशाने होत नाही."

मग त्यांनी सलाइनमधून मला तेच औषध चालू केलं. इतके महिने आयतं मिळाल्यावर शरीर स्वतःचं बनवायचं विसरलं होतं. ते एकदम बंद झालं म्हणून मी अशी कोसळले होते. आणि डाव्या फुप्फुसाच्या तळाचा पू आता उजवीकडेही दिसत होता.

थोडं बोलता यायला लागल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, "आता पुढे?"

"ही गोळी चालू ठेवली तर जंतू वाढणार. थांबवली तर श्वास बसणार. थोडी थोडी कमी करायची. अँटिबायोटिक जोरात द्यायचं. मधली वाट बारीक आहे."

"म्हणजे मी कशाने मरायचं, एवढंच ठरवायचं ना?"

ते रागावले नाहीत. म्हणाले, "पाठ थोपटून घेता ना रोज?"

"बंद केलंय. त्याने सांगितलं होतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, हा माणूस आता माझ्यावर ओरडेल. ओरडले असते तर बरं झालं असतं.

सासूबाईंना नवऱ्याने बाहेर सगळं सांगून टाकलं. त्या आत आल्या, स्टुलावर बसल्या आणि माझ्या पायांवर हात फिरवत राहिल्या.

घरी आल्यावरचे महिने मला आठवायला नको वाटतात. गोळी थोडी कमी केली की सांधे ठणकायचे, कारण नसताना रडू यायचं आणि छातीत शिट्या वाजायच्या. वाढवली की कफ हिरवा व्हायचा आणि ताप चढायचा. पुन्हा कमी, पुन्हा वाढ. सकाळच्या थापा परत सुरू झाल्या, आता संध्याकाळीही. नवऱ्याची बदनामीही परत सुरू झाली. बालवाडी दुसऱ्यांदा सुटली. चेहरा उतरायला लागला, तेव्हा दारात येऊन बायका हळहळायच्या, "किती गं खराब झालीस! मध्ये किती छान झाली होतीस." मुलगीसुद्धा एकदा म्हणाली, "आई, तू परत गोल कधी होणार?" तिला काय सांगणार? मी डोक्यावरून पांघरूण घेतलं.

आणि सारखी आठवण यायची ती देव्हाऱ्यातल्या डब्याची. त्यात अजून पुड्या होत्या. त्यात काय आहे हे मला आता पक्कं माहीत होतं. तरी पूजा करताना माझी नजर देवांच्या मागे त्या डब्यावर जायची. त्या पायऱ्या मी एका दमात चढले होते, हे शरीर काही केल्या विसरत नव्हतं.

मग ती दुपार आली. नवरा कामावर, मुलगी शाळेत. शेजारच्या खोलीत रंग लावत होते, त्याचा वास आला आणि मला दम लागला. इस्पितळातून दिलेला पंप मारला. पुन्हा मारला. काही फरक नाही. छातीत डावीकडे काहीतरी घट्ट अडकलं होतं, तिथून हवाच हलत नव्हती. सासूबाईंनी दार सताड उघडलं, समोरच्या पोराला रिक्षा बघायला पिटाळलं. रिक्षा वर चढत नसे, ती आणून खाली थांबवायची आणि मला उतरवायचं, एवढा वेळ मी काढणार नाही हे मला कळत होतं. मी खाटेच्या कडेला दोन्ही हात टेकून बसले होते आणि बोट देव्हाऱ्याकडे केलं.

"पुडी... द्या."

त्या हलल्या नाहीत.

"द्या ना, आई. एकच."

"मी देवचंय नाय."

"तुम्हीच... आणलीत ना?" एवढं बोलायला मला तीन श्वास लागले. "तुम्हीच... खायला घातलीत. मग आता... द्या."

त्या उठल्या. देवांच्या मागून डबा काढला. माझा हात आपोआप पुढे गेला, तोंड उघडं पडलं होतं. त्या माझ्यासमोरून सरळ मोरीत गेल्या आणि डबा उलटा केला. वरून तांब्याने पाणी ओतलं, मग दुसरा तांब्या. तेव्हा त्या बाईचा मला इतका द्वेष वाटला, की हातात काही असतं तर फेकून मारलं असतं.

परत आल्या त्या पदर कमरेला खोचून. दोन्ही उशा खाटेवर टाकल्या, माझ्या दंडाला धरून मला पालथी केली आणि डोकं खाली ढकललं. फिनेलचा डबा पायाने सरकवून तोंडाखाली आणला. कधी बघितलंच नव्हतं त्यांनी, सगळं गॅलरीत बसून ऐकलेलं.

"खयसर मारू?" त्यांनी विचारलं. मी डावी बाजू दाखवली.

पहिली थाप अगदी हलकी पडली, पोराला निजवताना मारतात तशी. दुसरीही तशीच. मग त्यांच्या तोंडातून एक हुंदका आला आणि हात जोरात पडला. मग पडतच राहिला. जन्मभर उखळात भात कांडलेले हात होते ते. "खोक गो," त्या म्हणत होत्या, "खोक, बाय माजे, खोक." मी खोकले. काही नाही. पुन्हा खोकले. डोळ्यांसमोर काळं यायला लागलं होतं, आणि तेव्हा आत कुठेतरी ते घट्ट, घाण बोचकं सुटलं आणि डब्यात पडलं. एक बारीकसा श्वास आत गेला. बाहेरही आला.

दार उघडंच होतं. आवाज ऐकून शेजारीण उंबऱ्यात येऊन उभी राहिली. तिने खाटेवर पालथी पडलेली मी बघितली आणि वर उचललेला म्हातारीचा हात बघितला.

"अहो मावशी! सुनेला मारताय की काय?"

सासूबाईंनी मान वर केली नाही आणि हातही थांबवला नाही.

"होय, मारतंय," त्या म्हणाल्या. "तू तुज्या घराक जा."